गोगलगाईंचा वाफा

ड्रायव्हरचा पाय मोडला तो काही गाडी चालवताना नाही. बावीस वर्षं घाट, वळणं, धुकं सगळं सांभाळलेला माणूस; गाडी उभी करून खाली उतरला, ओल्या फळीवर पाय पडला आणि आडवा झाला. गुडघ्याखाली दोन ठिकाणी हाड मोडलं. मालकानं दुसऱ्या दिवशी गाडीवर दुसरा माणूस बसवला. डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर चढवलं आणि सांगितलं, अडीच महिने पाय जमिनीला लावायचा नाही.

पहिले आठ दिवस तो पुढच्या दारात बसला. पण समोर रस्ता. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी त्याला आवाजावरून ओळखू यायची, ओळखीचे लोक हॉर्न देऊन हात करायचे, आणि हा आपला खुर्चीत. जीव नकोसा झाला. मग एके दिवशी कुबड्या काखेत घेऊन तो उठला, लोखंडी खुर्ची फरफटत मागच्या दारात नेली आणि ऑइलच्या रिकाम्या डब्यावर पाय ठेवून बसला. तिथं निदान हॉर्न नव्हते. तिथं परसबाग होती.

खरं सांगायचं तर, स्वतःची परसबाग त्याने अशी निवांत कधी बघितलीच नव्हती. महिन्यातून चार दिवस घरी, त्यातले दोन झोपण्यात. मागं बायको काहीतरी लावते, ताटात भाजी येते, एवढीच त्याची माहिती. आता बघतो तर तीस पावलं लांब आणि आठ पावलं रुंद पट्टा, त्यात सहा वाफे. चार कोबीचे, एक घेवड्याचा, एक पालकाचा. वाफ्यांच्या कडा अशा सरळ, की दोरी धरून रस्ता आखावा. एका कोपऱ्यात त्याचीच जुनी ताडपत्री घडी घालून पडलेली. गाडीवरची. पाच वर्षांपूर्वी त्याने ती तिथं टाकली होती आणि जाताना बजावलं होतं, 'हिला हात लावायचा नाही, कधीतरी कामाला येईल.'

बायकोला घरात सगळे 'धाकटी' म्हणत. दोन सुनांमधली ती धाकटी, म्हणून धाकटी. आता केस पांढरे व्हायला लागले तरी नाव तेच. ती खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठे दुमडून पिना मारायच्या कामावर जायची. पाय मोडल्यापासून घर तिच्याच हातांवर चाललं होतं, आणि त्या हातांच्या बोटांवर पुठ्ठ्यांनी कापलेल्या बारीक रेघा होत्या. सकाळी डबा भरून निघायची, साडेपाचला परत. आली की डबा खुंटीला अडकवायचा, पदर खोचायचा आणि थेट वाफ्यात.

"अगं, जरा टेक की," तो म्हणायचा.

"टेकायला तुम्ही आहात ना घरात!" ती म्हणायची.

त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेईना. धो धो नाही, नुसती रिपरिप. कपडे वाळेनात, काड्यापेटी पेटेना, भिंतींना बुरशी. आणि असल्या ओलीत ज्यांचं फावतं त्यांचं फावलं होतं. शेंबी गोगलगाई. पाठीवर शंख नाही, काही नाही. नुसतं बोटभर लांब, राखाडी, बुळबुळीत अंग. सकाळी कोबीच्या पानावर चकचकीत रेघ दिसली की समजायचं, बाईसाहेब येऊन जेवून गेल्या.

"मीठ मार की," ड्रायव्हरनं खुर्चीतून सल्ला दिला. "मिठानं विरघळतात म्हणे."

"विरघळतात. पण वाफ्यात मीठ टाकलं की शेंबीबरोबर मातीही मरते. मग काय खुर्च्या मांडायच्या तिथं?"

"मग राख?"

"राख पावसात किती टिकते ते बघा एकदा." ती बोलता बोलता पानामागून एक शेंबी चिमट्यात धरून साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकत होती. "तुम्ही नका काळजी करू. माझा बंदोबस्त आहे."

कसला बंदोबस्त, ते त्याने विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी त्याला सकाळी आठपर्यंत जाग यायची नाही, आणि तिचं खरं काम तर उजाडताना व्हायचं.

त्या बागेवर एक गोष्ट अडकलेली होती. पट्टा सामाईक होता. अर्धा याचा, अर्धा दादाचा. दादा म्हणजे थोरला भाऊ. भिंतीपलीकडे त्याचं घर, घराला लागून सिमेंट आणि पाइपांचं दुकान. माणूस वाईट नव्हता, पण मोकळी जागा दिसली की त्याच्या हाताला खाज सुटायची. मागल्या वर्षी तो म्हणाला, अर्ध्या पट्ट्यात गवत माजलंय, मी पत्र्याची शेड घालतो. धाकटी म्हणाली, गवत काढून मी भाजी लावते. शब्दाला शब्द वाढला. शेवटी काकांना मध्ये बसवून ठरलं, की पुढच्या हंगामात धाकटीनं पट्टा भरून दाखवायचा. पाऊस ओसरताना दादा बघायला येईल. सगळे वाफे भरलेले दिसले तर पट्टा तिच्याकडे राहील. जागा मोकळी दिसली तर शेड. ड्रायव्हर तेव्हा कुठल्यातरी ढाब्यावर जेवत होता. फोनवर दादाने विचारलं, तुझं काय म्हणणं? हा म्हणाला, "भाजी काय बाजारात मिळत नाही? दे टाकून." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! काका होते म्हणून धाकटीला एक हंगाम मिळाला.

सोमवारी सकाळी दादा भिंतीवरून डोकावला.

"काय ड्रायव्हर, पाय काय म्हणतो?"

"म्हणतो, गाडी नाही तर गिअर कशाला टाकू!"

दादा हसला. मग वाफ्यांवरून नजर फिरवत म्हणाला, "बरं दिसतंय तसं. रविवारी येतो काकांना घेऊन. ठरल्याप्रमाणे."

धाकटी कामावर निघून गेली होती. ड्रायव्हरला एकदम वाटलं, आपणही काहीतरी करावं. रिकामं बसून माणसाचं डोकं चालायला लागलं की घरच्यांनी सावध व्हावं, पण घरी कुणी नव्हतं. तो कुबड्यांवर उठला, पायावर पिशवी बांधली, कोपऱ्यापर्यंत गेला आणि कुबडीच्या टोकानं ताडपत्रीची कड उचलली.

खाली नुसती वळवळ. लहान, मोठ्या, एकमेकींवर चढलेल्या, शेकड्यांनी. मध्ये साबुदाण्यासारखे अंड्यांचे पुंजके. कोबीची पिवळी पानं, काकडीच्या साली, त्यांवर मेजवानी चाललेली. ड्रायव्हरनं कुबडी मागं घेतली. आणि मग लाज वाटली. माझीच ताडपत्री. मीच म्हणालो होतो, हात लावायचा नाही. पाच वर्षं मी या पिडेला घर बांधून दिलं, आणि धाकटी बिचारी रोज एकेक वेचत बसते!

तेवढ्यात शेजारचा फिटर विचारपूस करायला आला. ड्रायव्हर म्हणाला, "ताडपत्री पाहिजे का रे तुला? घेऊन जा. आत्ताच्या आत्ता."

फिटरला काय, आयतं घबाड. दोघांनी ती ओढून बाहेर काढली, झाडून झाडून साफ केली, झाडताना गोगलगाई सगळीकडे उडाल्या. खालचा कचरा फिटरनं फावड्यानं पसरून टाकला, ऊन लागावं म्हणून. ऊन त्या दिवशी कुठलं पडणार! पण कोपरा कसा लख्ख झाला. ड्रायव्हर दिवसभर त्या लख्ख कोपऱ्याकडे बघत धाकटीची वाट बघत बसला.

ती आली. डबा अडकवला, पदर खोचला, दोन पावलं गेली आणि थांबली.

"ताडपत्री कुठाय?"

"दिली फिटरला!" तो म्हणाला. "अगं, तुला माहीत तरी आहे का तिच्याखाली काय होतं? अड्डा होता अड्डा!"

ती वाफ्याच्या कडेला हळूच बसली. चिखलात, कामावरची साडी असताना.

"माहीत होतं," ती म्हणाली. "मीच केला होता तो अड्डा. दिवसा त्यांना ओल आणि अंधार लागतो. तिथं त्यांना दोन्ही मिळायचं. पिवळी पानं, साली, सगळं मी तिथंच घालायची. त्यांचं ताट तिथं वाढलं की त्या आपल्या ताटात येत नाहीत. उजाडताना कड उचलायची आणि डबाभर वेचायच्या. एका जागी. दोन वर्षं असंच करतेय."

"मला सांगायचं नाहीस का?"

"तुम्ही म्हणाला होतात, हात लावायचा नाही. मी रोज लावत होते. सांगून काय शिव्या खाऊ?" मग ती वर बघून म्हणाली, "आणि तुम्हाला विचारायला वेळ नव्हता? दिवसभर बसूनच तर असता."

ते त्याला प्लास्टरच्या आतपर्यंत लागलं. करायला गेला एक आणि झालं भलतंच. पाय मोडून घेतलेला होताच, आता त्यावर धोंडाही पाडून घेतला.

व्हायचं ते रात्रीतून झालं. आसरा गेलेल्या गोगलगाई दिसेल त्या ओलीत शिरल्या, आणि सगळ्यात छान ओल वाफ्यांत होती. मंगळवारी सकाळी कोबीचे तीन वाफे म्हणजे नुसत्या काड्या. पानं नाहीत, मधला कोंब नाही. मातीवर सगळीकडे चकचकीत रेघांचं जाळं. घेवडा, पालक आणि कोबीचा एक वाफा तेवढा वाचला.

ड्रायव्हर त्या रात्री गोळी न घेता जागा राहिला होता. धाकटी आता रडेल, ओरडेल, निदान डबा तरी आपटेल म्हणून तो दारात उभा होता. तिने काड्यांकडे पाहिलं. वाकून एक काडी हाताने चाचपली. मग ती न्हाणीघराच्या मागं गेली, शिडी लावली आणि पत्र्यावरून तेलाचे जुने डबे एकेक करून खाली घ्यायला लागली. प्रत्येक डब्यात कोबीची रोपं. हिरवीगार, हातभर डब्यात दाटीवाटीने उभी. डब्यांच्या भोवती शेंबी चढू नये म्हणून चुन्याची जाड रेघ ओढलेली होती, घराच्या वळचणीखाली असल्यामुळे कोरडी राहिलेली.

"ही कधी केलीस?"

"बी टाकतानाच. तीन मुठी आपल्या, एक मूठ शेंबीची. त्यांचा वाटा धरूनच पेरायचं, म्हणजे गेल्यावर छाती पिटायची वेळ येत नाही."

बावीस वर्षं तो गाडीत एक स्टेपनी ठेवून स्वतःला शहाणा समजत होता. इथं पाठीमागं सबंध स्टेपनीचा वाफा होता आणि नवऱ्याला पत्ता नव्हता. भले शाब्बास, त्याच्या मनात आलं. पण तोंडातून निघेना. तो एवढंच म्हणाला, "मला काम दे."

तिने त्याच्याकडे, मग प्लास्टरकडे बघितलं. खताची प्लास्टिकची गोणी आणली, ती त्याच्या पायावर चढवली, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळली. कपडे धुवायची फळी वाफ्यांमध्ये टाकली. "बसा यावर. सरकत सरकत जा. पानाच्या खालून बघायचं, वरून नाही. देठाशी बोट घालायचं. डब्यात टाकली की झाकण लावायचं, नाहीतर चढून बाहेर येतात."

फळीवरून पुढं जायला पाय लागतो; मागं जायला हात पुरतात. म्हणून ड्रायव्हर ओळीच्या टोकाला बसायचा आणि उलटा सरकत यायचा.

"जन्मात एवढी रिव्हर्स मारली नव्हती," तो म्हणाला. धाकटीला हसू आलं, पण तिने तोंड फिरवलं.

पहिल्या दिवशी त्याच्या हाताला गोगलगाईंचा चीक बसला तो निघेना. त्याने पाण्याने धुतला, तर तो आणखी सुटला. बोटं एकमेकांना चिकटली. धाकटीनं त्याचा हात धरला, कोरडी राख चोळली, फडक्यानं पुसला आणि मग पाणी घातलं. "आधी कोरडं, मग ओलं," ती म्हणाली. तिच्या तळव्यावर खरखरीत घट्टे होते. असे घट्टे त्याच्याही हाताला होते, स्टिअरिंगचे. आपले हात एकसारखे आहेत हे त्याला त्या दिवशी कळलं.

दोन वाफे डब्यातल्या रोपांनी भरले. ती खुरप्यानं खड्डा करायची, रोप ठेवायची, अंगठ्यानं दाबायची. वाफा संपेपर्यंत कंबर सरळ करायची नाही. पण रोपं तिथंच संपली. तिसरा वाफा, नेमका दादाच्या भिंतीकडचा, मोकळा राहिला.

"हा वाफा देऊन टाकू," धाकटी म्हणाली.

ड्रायव्हर सरकता सरकता थांबला. "कुणाला? दादाला?"

"गोगलगाईंना. फिटरकडून ताडपत्री आणा."

ताडपत्री मागायला ड्रायव्हर स्वतः गेला, कुबड्यांवर, भर गल्लीतून. दिलेली वस्तू परत मागणं म्हणजे थुंकलेलं गिळणं. तोवर फिटरनं तिचे दोन तुकडे करून एक स्कूटरवर टाकला होता. "तूच म्हणालास ना आत्ताच्या आत्ता घेऊन जा?" फिटर सगळ्यांसमोर म्हणाला. ड्रायव्हरनं मान खाली घालून उरलेला अर्धा तुकडा बगलेत धरला आणि परत आला.

मोकळ्या वाफ्यावर ताडपत्री अंथरली. खाली पिवळी पानं, साली. बाकीच्या वाफ्यांमध्ये ओली पोती. रोज उजाडताना दोघं उठायची. ती पोती उलटायची, तो सरकत सरकत वेचायचा. बुधवारी पोत्यांखाली जास्त, ताडपत्रीखाली कमी. गुरुवारी निम्म्या-निम्म्या. शुक्रवारी पोती जवळजवळ कोरी, आणि ताडपत्रीखाली डबा भरून. नव्या रोपांचं एकही पान कातरलेलं नव्हतं. धाकटीनं एका रोपाला हळूच टिचकी मारली. "धरलं," ती म्हणाली. तेवढ्या एका शब्दासाठी ड्रायव्हरला पहाटेचं उठणं कबूल होतं.

शनिवारी धाकटी कामावर गेली आणि अकराच्या सुमारास दादा आला. एक दिवस आधीच. बरोबर काका, आणि आखणीसाठी सुतळी, चुन्याची फक्की, खुंट्या घेतलेला गवंडी.

"उद्या गवंडी मोकळा नाही," दादा म्हणाला. "म्हटलं आजच उरकू."

ड्रायव्हर तेव्हा फळीवर बसलेला होता. पायाला गोणी, अंगावर चिखल, हातात चिमटा. उठायचं म्हटलं तरी कुणीतरी हात द्यावा लागला असता, आणि त्याला तो मागायचा नव्हता. दादा वाफे मोजल्यासारखा चालत गेला. "हा ठीक. हा ठीक. रोपं लहान आहेत, पण आहेत. हाही ठीक." भिंतीशी येऊन थांबला. ताडपत्रीला बुटाचं टोक लावलं. "आणि हा? हा तर मोकळा आहे."

"मोकळा नाही तो," ड्रायव्हर म्हणाला.

"ताडपत्री पीक देते का आता?" गवंडी हसला. दादानं खूण केली तशी त्याने भिंतीकडे पहिली खुंटी ठोकलीसुद्धा.

ड्रायव्हर दोन्ही हातांवर भार देऊन उलटा सरकायला लागला. वाफा सगळा ओलांडायचा होता. तिघं उभे राहून बघत होते. प्लास्टरचा पाय मातीत रेघ ओढत होता. काका म्हणाले, "अरे, राहू दे." तो थांबला नाही. भिंतीकडच्या वाफ्याशी पोचला, ताडपत्रीची कड धरली आणि उलटली.

गवंडी दोन पावलं मागं गेला.

"बघ दादा," ड्रायव्हर म्हणाला. "या पाच वाफ्यांचं जेवण करायला निघालेल्या सगळ्या इथं येऊन बसतात. हा वाफा आहे म्हणून ते पाच आहेत. तू इथं शेड घाल, चार दिवसांत सगळा पट्टा मोकळा दिसेल. खोटं वाटत असेल तर मला विचार. मी करून बसलोय." त्याने चिमटा पुढे धरला. "नाहीतर हा घे, बस अर्धा तास. मग सांग काय मोकळं आहे ते."

दादानं चिमटा घेतला नाही. एक शेंबी त्याच्या बुटावर चढायला लागली होती. त्याने पाय झटकला, ती सुटेना. काकांना हसू आवरेना. "अरे, गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात, ही तर बुटावर निघाली!"

"ही अक्कल कुणाची?" दादानं बूट भिंतीला घासत विचारलं.

"तिची. सगळी तिची. माझी अक्कल तू फोनवर ऐकलीस ना, तेवढीच." ड्रायव्हरनं ताडपत्रीची कड खाली सोडली. "मी म्हणालो होतो, दे टाकून. तेव्हा मी हे बघितलेलं नव्हतं. बावीस वर्षं ती काय करते ते मी बघितलंच नव्हतं. आता बघितलंय. मी नाही टाकू देणार."

दादा खाली वाकला, रोपाच्या बुडाशी बोट घालून माती दाबून बघितली. मग काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "भरलेला आहे पट्टा. मला तरी मोकळं काही दिसत नाही."

दादानं गवंड्याला सुतळी गुंडाळायला सांगितली. जाताना तो भिंतीपाशी थांबला. "गड्डे धरले की एक माझ्याकडे धाड म्हणावं धाकटीला."

साडेपाचला धाकटी आली. डबा अडकवला, पदर खोचला आणि भिंतीशी ठोकलेली खुंटी बघून जागच्या जागी थबकली.

"भावोजी येऊन गेले?"

"येऊन गेले."

"मग?"

"मग काय. एक गड्डा मागितलाय. द्यायचा का ते तू ठरव. पट्टा तुझा आहे."

ती खुंटीजवळ गेली. दोन्ही हातांनी धरून हलवली, उपटली, उलटसुलट करून बघितली. चांगली मजबूत होती. मग घेवड्याच्या वाफ्यात जाऊन एका लोंबत्या वेलापाशी तिने ती रोवली आणि वेल वर गुंडाळला. त्याच्याकडे पाठ होती तिची. खांदे दोनदा हलले, पण ड्रायव्हरनं ते बघितल्याचं दाखवलं नाही.

रविवारी धाकटीला जाग आली तेव्हा तोंडावर ऊन होतं. ऊन! ती धडपडत उठली, शेजारचं अंथरूण रिकामं, कुबड्या नाहीत. तशीच मागच्या दारात धावली.

ड्रायव्हर फळीवर होता. सगळी पोती उलटून झाली होती, ताडपत्रीची कड नीट खाली दाबलेली होती, डब्याला झाकण होतं. हाताला राख लावून तो फडक्यानं पुसत होता.

"झोपू दे म्हटलं तुला जरा," तो म्हणाला. "झालंय सगळं. एकही राहिली नाही."

ती वाफ्यात उतरली, पहिल्या ओळीतल्या तिसऱ्या रोपाशी वाकली, देठाशी बोट घातलं आणि एक लहानशी शेंबी त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"ही कोण, तुमची मावशी?"

ड्रायव्हरनं झाकण उघडून डबा पुढे केला. तिने ती आत टाकली. मग त्याने फळी फिरवून घेतली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा बघायला लागला.